सरोजतायचा हळू थर

म्हापशाच्या बसस्टँडवर शुक्रवारची गर्दी होती. पेडण्याच्या बसमध्ये खिडकीकडची जागा धरून, मांडीवर मिरच्यांची आणि केळ्यांची पिशवी सांभाळत मी बसले होते आणि नेहमीप्रमाणे मनात एकच घोकत होते, की सकाळी निघताना गॅस बंद केला ना. तेवढ्यात विश्रामचा फोन आला. विश्राम माझा मावसभाऊ, लाटंबार्श्याचा. तो आपणहून फोन करणाऱ्यांतला नव्हे. केलाच तर काजूच्या दिवसांत, "बियो व्हर गो येवन" म्हणायला, म्हणजे येऊन काजूबिया घेऊन जा. आणि काजूचे दिवस तर कधीच सरले होते. त्यामुळे पडद्यावर त्याचं नाव पाहिलं आणि पिशवी शेजारी ठेवून मी फोन घेतला. "सरोज गेली गो," तो म्हणाला. "सकाळीं चा घेतली, मागीर न्हिदतां म्हणून गेली आनी…" चहा घेऊन निजायला गेली, एवढं कळलं. पुढचं तो बोलला की नाही कोण जाणे, कारण कंडक्टर दारात लटकून 'पेडणे, पेडणे' करत होता. मी तशीच उतरले. लाटंबार्श्याला जाणारी बस कुठे लागते हे मला लहानपणापासून माहीत आहे, तरी त्या दिवशी तिघांना विचारलं. केळ्या-मिरच्यांची पिशवी पहिल्या बसमध्येच राहिली, हे मला अस्नोडा आल्यावर कळलं. सरोजताय असती तर म्हणाली असती, गॅसाचा विचार करत बसलीस आणि हातातलं सोडलंस.

सरोजताय माझी मावसबहीण, विश्रामची थोरली बहीण. माझ्यापेक्षा ती बरीच मोठी. माझ्या आठवणीत ती पहिल्यापासून 'टीचर'च आहे. डिचोलीच्या एका शाळेत तिनं संगीत शिकवलं, निवृत्त झाल्यावर घरच्या पडवीत मुलींना आरत्या आणि घुमट शिकवू लागली. लग्न केलं नाही. विश्राम आणि वहिनी यांच्याबरोबर त्याच घरात राहिली आणि मागच्या बाजूची एक खोली तिनं आपली करून घेतली. बोलणं थोडकं, पण त्यात चिमटा असायचाच. माझ्या घाबरट स्वभावावर तर तिचं विशेष प्रेम. "भिवपाचें काम तुका बरें जमता," ती म्हणायची, "तें तूं कर, उरिल्लें हांव करतां." आमची वाटणी खरंच तशी होती. काळजी मी करायची आणि काम तिनं.

घुमट म्हणजे काय हे आमच्याकडे सांगावं लागत नाही, पण हे ज्या पुरवणीत छापून येईल ती गोव्याबाहेर लांबही जाते म्हणून सांगते. मातीचं मडकं, दोन्ही बाजूंनी तोंड असलेलं. मोठ्या तोंडावर कातडं ताणलेलं, लहान तोंड उघडं. ते डाव्या बगलेत धरायचं, उजव्या हाताच्या बोटांनी कातड्यावर मारायचं आणि डाव्या तळव्यानं लहान तोंड झाकायचं-उघडायचं. चवथीच्या आरत्यांना ते वाजलं नाही तर गणपती आल्यासारखा वाटत नाही. सरोजतायकडे जे घुमट होतं ते तिच्या वडिलांचं, आमच्या तात्यांचं. त्याच्यावरचं कातडं जुन्या चालीप्रमाणे घोरपडीचं. आता त्या कातड्यावर बंदी आहे, आणि ती असायलाच हवी. तायनंही मुलींना बकरीच्या कातड्याच्याच घुमटांवर शिकवलं. पण त्याचा अर्थ असा, की तात्यांचं हे घुमट पुन्हा मढवता येणार नव्हतं. कातडं पिंजलं, फाटलं, की तो आवाज संपला. वर्षातून एकदा, चवथीला, ताय ते फडक्यातून बाहेर काढायची आणि आरती संपेपर्यंत माझा जीव टांगणीला असायचा.

हे सगळं सुरू झालं ते एका देवळाच्या जत्रेत. तिथल्या नाटकाला घुमटवाला मिळाला नव्हता, म्हणून कीबोर्डवाल्यानं यंत्रातला कसलातरी 'घुमट' आवाज लावला होता. ताय माझ्या शेजारी बसली होती. पहिल्या पदालाच तिचा चेहरा उतरला. "हें घुमट न्हय गो," ती म्हणाली, "बालदी बडयता तो." आणि मग, तिला कोपरखळी मारायची माझी हौस मला नडली. मी म्हटलं, "मग तू कर गे खरं घुमट कॉम्प्युटरात." मी पेडण्यात एका हायस्कुलात कॉम्प्युटर शिकवते आणि गावच्या नाटकांना कीबोर्डही वाजवते, त्यामुळे असलं बोलायचा मला अधिकार आहे असं मला वाटत होतं. पुढच्याच आठवड्यात तिचा निरोप आला, की ये, आणि येताना तें कितें तें घेऊन ये.

तें कितें तें म्हणजे सॅम्पलर. हे एक सॉफ्टवेअर असतं. खऱ्या वाद्याचा एकेक आवाज रेकॉर्ड करायचा आणि कीबोर्डच्या एकेका पट्टीवर नेऊन बसवायचा. पट्टी दाबली की तो आवाज वाजतो. इतकं सोपं असतं तर बरं होतं. खरं वाद्य हळू मारल्यावर नुसतं बारीक वाजत नाही, त्याचा आवाजच वेगळा होतो. म्हणून प्रत्येक आघात हळू, मध्यम आणि जोरात असा वेगवेगळा रेकॉर्ड करून एकावर एक थर लावायचे. बोट हलकं पडलं तर खालचा थर वाजेल, जोरात पडलं तर वरचा. शिवाय एकच आवाज पुन्हा पुन्हा वाजला की यंत्र लगेच उघडं पडतं, म्हणून प्रत्येक थरात तोच आघात अनेकदा मारून ठेवायचा, म्हणजे सॉफ्टवेअर आळीपाळीनं एकेक उचलतं. मी हे पडद्यावर दाखवलं तेव्हा त्या चौकटी बघून तायला आमच्याकडचं थराथरांचं गोड आठवलं, "बिबिंकाचे थर कशे." मग तिनं एकच प्रश्न विचारला. "हळू थर खरो येतलो?" मी म्हटलं, येईल. "जोरान कोणूय मारता," ती म्हणाली. "गाणारो वळ ओडटा तेन्ना घुमट सकयल येवंक जाय. तें येना जाल्यार हें सगळें करपाक वचूं नाका." म्हणजे गाणारा ओळ लांबवतो तेव्हा घुमटानं आवाज खाली आणायचा, आणि नेमकं तेच यंत्रात येणार नसेल तर हा खटाटोपच नको. पहिल्याच दिवशी तिनं हे सांगितलं होतं.

रेकॉर्डिंगसाठी आम्ही तिच्या खोलीच्या जनेलांना, खिडक्यांना, गोधड्या लावल्या. बाहेर कोंबड्या, रस्त्यावर ट्रक, आणि पोदेराचा पाव विकण्याचा भोंपू नेमकं चांगला आघात चालू असताना. ताय शांत बसायची, भोंपू दूर गेला की पुन्हा मारायची. आधी तिनं जोराचे आघात घ्यायचं ठरवलं, कारण भीती त्यांचीच होती, ती एकदाची संपवावी. मी माईकजवळ बसून डोळे गच्च मिटून घ्यायची. "तूं डोळे धांपता म्हणून कातडें वांचना गो," ती म्हणाली. कातडं वाचलं. मग मधले, मग दुपारी जेवून हळू. मी घरी जाऊन सगळे तुकडे कापले, थरांत बसवले, आणि पुढच्या खेपेला तिच्यासमोर वाजवले. हलकं बोट ठेवलं तर एक घुमट वाजत होतं, जोरात ठेवलं तर भलतंच, जवळजवळ एका सुरानं वर. एकाच मडक्यात दोन घुमटं बसून भांडताहेत असं वाटत होतं. मला वाटलं फाइली बिघडल्या, माईक बिघडला, मी बिघडवलं. मी पडद्यावर एकेक चौकट तपासत राहिले आणि ताय मात्र उठून अंगणात गेली.

परत आली ती हसतच. आमच्याकडची पद्धत अशी, की आरतीआधी घुमट थोडा वेळ उन्हात ठेवायचं, म्हणजे कातडं ताठतं आणि आवाज चढतो. रेकॉर्डिंगच्या दिवशीही तिनं सवयीनं सकाळी घुमट अंगणात उन्हाला ठेवलं होतं, आणि तसंच ऊनऊन आत आणून जोराचे आघात मारले होते. हळू थराची पाळी येईपर्यंत दुपार झाली, गोधड्यांनी बंद केलेल्या खोलीत आमच्या दोघींच्या श्वासानं आणि घामानं कातडं सैल पडलं होतं. तात्या आरती मध्येच थांबवून घुमट विस्तवावर धरायचे, ते ती लहानपणापासून बघत आलेली. आणि तरी माईक समोर आल्यावर तिला आठवलं नाही, मला तर सुचणं शक्यच नव्हतं. मग सगळं पुन्हा. थोडे आघात मारायचे, घुमट अंगणात न्यायचं, उन्हात धरायचं, ती बोटानं टिचकी मारून सूर बघायची, पुन्हा आत. जास्त तापलं तर कातडं तडकेल, कमी तापलं तर सूर उतरेल. त्या येरझाऱ्यांत मी उंबऱ्याला अडखळून पडेन आणि मडकंच फुटेल, या भीतीनं मी ते एकदाही हातात घेतलं नाही. तिनंच नेलं, तिनंच आणलं. हळू आघात पकडायला माईक अगदी जवळ आणला होता, जोराच्या वेळी लांब. त्यामुळे कुठला थर किती मोठा ठेवायचा हे पुढे कानानंच ठरवावं लागणार होतं. तेव्हा मला त्याची चिंता वाटली नाही. तिच्यासारखा कान बसलेला असताना कशाला वाटेल?

पुढे मी माझा जुना कॉम्प्युटर आणि एक कीबोर्ड तिच्या खोलीतच ठेवून दिला. मांडणी शिकायला तिला वेळ लागला, पण एकदा हातात आल्यावर ती मांडणी माझी राहिली नाही. सॅम्पलरमध्ये आवाजांचे गट करावे लागतात. मी त्यांना इंग्रजीत आकडे दिले होते. तिनं त्यांचे वाडे केले. उघड्या तोंडाचे आघात एका वाड्यात, झाकलेल्या तोंडाचे दुसऱ्या, काठावरचे तिसऱ्या. आणि प्रत्येक वाड्यात खाली हळू, मध्ये मधला, वर जोराचा. एकेका थराला आवाज कमी-जास्त करायची, पडद्यावर वर-खाली सरकवायची स्वतंत्र पट्टी. "आतां कोण खंय रावता तें कळटा," ती समाधानानं म्हणाली. एकदा या वाड्यांच्या हौसेपायी तिनं डिस्कवरच्या मूळ फोल्डरांचीही नावं बदलली. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, आवाज कापत होता. ती कधी घाबरत नसे, त्यामुळे मी दुप्पट घाबरले. सगळं घुमट मुकं झालं होतं. पट्टी दाबली की काही नाही. सॉफ्टवेअर आवाज जुन्याच पत्त्यावर शोधत होतं आणि तिथे आता कोणीच राहत नव्हतं. मी शाळेतून सुटी टाकून धावले. नवे पत्ते दाखवून सगळे आवाज पुन्हा जोडेपर्यंत ती माझ्या खांद्याशी उभी होती. पहिला आघात वाजला तेव्हा ती कदेलीवर, खुर्चीत, बसली. त्यानंतर मी दर खेपेला सगळ्याची प्रत काढून माझ्याकडे नेऊ लागले. पेडण्यात एक, शाळेत एक, आणि एक माझ्या पर्समध्ये. अजूनही आहे.

तिच्या कानाचं मला कधी कळलं ते नेमकं सांगता येणार नाही. डॉक्टरांनी कानातलं एक बारीक हाड घट्ट होत चाललंय असं सांगितलं होतं, हे ती एकदा सहज बोलून गेली, जसं कोणी गुडघेदुखीचं सांगावं. कानात घालायचं यंत्र मिळालं होतं, ती ते घालायची. बाजारात, देवळात, मुलींना शिकवताना. पण खोलीत घुमटाच्या कामाला बसली की काढून ठेवायची, कारण यंत्रातून घुमट 'डब्यासारखें' ऐकू येतं म्हणून. उघड्या कानानं जे ऐकू येईल तेच खरं, हा तिचा हट्ट. आणि मी दर खेपेला जायची तेव्हा मला एक गोष्ट दिसू लागली. हळू थराची पट्टी मागच्यापेक्षा वर असायची. थोडीच. पुढच्या खेपेला आणखी थोडी. मी आधी मनाला समजावलं, की ती जुळवाजुळव करते आहे. मग एकदा मी मुलींच्या वर्गाला बसले, आणि पाहिलं, की मुली हळू वाजवायच्या तेव्हा ताय त्यांच्या बोटांकडे बघत होती. पूर्वी ती अशा वेळी डोळे मिटून बसायची.

परत जाताना बसमध्ये मी तेच तेच बोलणं मनात जुळवत राहिले. सांगितलं तर तिला कळणार, की तिचा कान गेला, आणि तेही तिनं जे सगळ्यांत जपलं त्याच जागी. नाही सांगितलं तर तात्यांच्या घुमटाचा हळू आवाज खोटा होऊन बसणार, आणि खऱ्या कातड्याचा तर काही भरवसा नव्हता. पुढच्या खेपेला मी गेले ते ठरवूनच. तिनं कीबोर्डवर हळू आघात वाजवला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "ताय, ह्यो हळू थर मागच्या वेळापरस वर आसा गे."

"वर ना," ती म्हणाली. "आतां बरोबर आयकूंक येता."

ती पडद्याकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत होती.

"कितलो वर?"

"मधल्या थराक पावलो."

बाहेर वहिनी कोंबड्यांना दाणे घालत होती… "म्हणजे हळू मारलें तरी मोठ्यान वाजता," ताय शेवटी म्हणाली. "मागीर तें तात्यालें घुमट न्हय." तिच्या आवाजात रडू नव्हतं. मला मात्र रडू आलं, आणि ते बघून ती वैतागली. "रडनाका. तो थर तूं लाय, तुज्या कानान. हांव हात लायना आतां." मी म्हटलं, माझ्या कानावर माझा भरवसा नाही, मला तर बंद गॅसही चालू वाटतो. "म्हज्यारूय म्हजो ना," ती म्हणाली, म्हणजे तिचाही आपल्या कानावर आता भरवसा उरला नव्हता. "चवथीआदीं कर म्हणजे पुरो. घाय ना."

आम्ही दोघी कशाकशाला भ्यालो होतो. कातडं पिंजेल म्हणून भ्यालो, फाइली जातील म्हणून, वीज जाईल म्हणून, कान जाईल म्हणून. कातडं टिकलं, फाइली टिकल्या, कान थोडाफार टिकला. ती स्वतः जाईल हे माझ्या काळजीच्या यादीत कुठेच नव्हतं. एवढी काळजी करणारी मी, आणि नेमकी तीच काळजी करायची राहून गेली.

बाराव्याच्या वेळी तिच्या शिकवणीच्या मुली विश्रामकडे आल्या. देवळाच्या मंडपात त्यांना तिच्यासाठी आरत्या म्हणायच्या आहेत, आणि त्यात तात्यांचं घुमट वाजायला हवं, ताय वाजवायची तसं. खरं घुमट मंडपात न्यायला विश्राम तयार नाही. कोणी वाजवायचं, आणि फुटलं तर? म्हणून कीबोर्डवर ते मी वाजवायचं ठरलं. मी हो म्हटलं आणि त्या क्षणापासून माझं जेवण उडालं. उघडे, झाकलेले, काठावरचे, सगळे वाडे तिनं लावून ठेवले होते. राहिला होता तो हळू थर. तिला जे सगळ्यांत आधी हवं होतं, तेवढंच माझ्यावर सोपवलेलं. तो चुकला तर भर मंडपात, तिच्याच मुलींसमोर, मी बालदी बडवणार होते.

गेल्या रविवारी विश्रामनं खोली उघडून दिली. कॉम्प्युटर सुरू होईल की नाही याची मला धास्ती होती. तो सुरू झाला. सॅम्पलर उघडलं, वाडे जागच्या जागी होते. हळू थराची पट्टी तिनं सोडली तिथेच होती. माझ्यावर सोपवल्यापासून तिनं खरंच हात लावला नव्हता. मी कीबोर्डवर अगदी हलकं बोट ठेवलं आणि घुमट खोलीभर घुमलं. मी पडद्यावरची पट्टी थोडी खाली आणली, वाजवलं. आणखी खाली, मग पुन्हा वर. कधी वाटे फार बारीक झालं, कधी वाटे अजून मोठंच आहे. थोड्या वेळानं मला सगळंच सारखं ऐकू येऊ लागलं. घाबरलेल्या माणसाला काही नीट ऐकू येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मग मी असं काही केलं, जे माझ्याकडून होईल असं मला कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते. मी विश्रामला म्हटलं, "घुमट काढ."

"फुटलें जाल्यार?" तो म्हणाला.

"हळू मारल्यार फुटना."

त्यानं ते कपाटातून आणलं, गोधडीत गुंडाळलेलं, आणि अंगणात उन्हाला धरलं. तात्या गेल्यापासून त्यानं ते बगलेत घेतलं नव्हतं, पण लहानपणी तोही तात्यांजवळच शिकलेला. आत येऊन तो तिच्या खाटेवर टेकला आणि बोटांच्या टोकांनी त्यानं एकदा हळू मारलं. इतकं हळू, की मला श्वास धरावा लागला. त्याच्यामागोमाग मी कीबोर्डची पट्टी दाबली. दोन्हींत काही ताळमेळ नव्हता. मी आवाज खाली आणला. त्यानं पुन्हा मारलं, मी पुन्हा दाबलं. "आनीक सकयल," तो म्हणाला. आणखी खाली. "आनीक." मी आणत गेले. मला वाटलं आता पुरे, तर तो मान हलवायचा, पुन्हा मारायचा, पुन्हा "सकयल" म्हणायचा. शेवटी एकदा त्यानं मारलं आणि मी दाबलं, आणि कुठलं कुणाचं ते आम्हा दोघांनाही कळलं नाही. तो खरा हळू थर होता. गाणाऱ्याच्या लांबलेल्या ओळीखाली बसेल असा.

मग आम्ही दोघांनी पडद्याकडे बघितलं. पट्टी तिनं ठेवली होती ती जागा वर, जवळजवळ टोकाला. आत्ता ती आली होती पार तळाशी. मधे केवढी तरी मोकळी जागा.

"म्हणजे इतलें तिका…" विश्राम म्हणाला.

"हय," मी म्हटलं. "इतलें तिका आयकूंक येनासलें."

"मशीन आसा म्हणटाली," तो म्हणाला. "चलता म्हणटाली. आमकां कळ्ळेंच ना कितलें तें." त्यानं घुमट मांडीवर घेतलं आणि त्याच्या कडेवरून हात फिरवत राहिला. मला तिचा फार राग आला आणि फार वाईटही वाटलं. एवढ्या मोकळ्या जागेत ती एकटी बसून होती. पाऊस कौलांवर हळू लागलेला, मुली पडवीत कुजबुजलेल्या, विश्राम शेजारच्या खोलीत खाकरलेला, यांतलं काही तिच्यापर्यंत पोचत नव्हतं, आणि ती आमच्याशी नेहमीसारखी चिमटे काढत बोलत होती. मी सांगितलं नसतं तर तिनं मलाही कळू दिलं नसतं. मी सेव्ह केलं. खात्री वाटेना म्हणून पुन्हा एकदा केलं.

तेवढ्यात वहिनी आत आली. माझ्यापासून हातभर अंतरावर उभी राहून ती एवढ्या मोठ्यानं ओरडली, "चाय आणलंय गे!", की मी कदेलीवरून अर्धी उठले आणि विश्रामनं घुमट दोन्ही हातांनी छातीशी धरलं. वहिनी स्वतःच दचकली. ती दोडामार्गाकडची, मुळात मऊ बोलणारी, पण या खोलीत येताना आवाज चढवायचा हे तिच्या अंगवळणी पडलं होतं. ताय जाऊन इतके दिवस झाले तरी खोलीच्या दारात आल्यावर तिचा आवाज आपोआप वर जात होता. "सवय झाली गे," ती म्हणाली, तेही मोठ्यानंच, आणि तिचे डोळे भरले. तिनं कप कॉम्प्युटरच्या बाजूला ठेवला. पदरानं तोंड पुसलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, आत कोणी झोपलेलं असावं अशा बारीक आवाजात ती म्हणाली, "घे. निवतली."

त्या खोलीत एवढं हळू बोललेलं मी किती दिवसांनी ऐकत होते. विश्रामलाही ते ऐकू आलं. आम्ही तिघं तशीच बसून राहिलो आणि चहा निवला.